गॅस संपत नाही, गळतो! हॉटेलच्या एसी-फ्रीजरबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं भरपूर आलीत, बहुतेक सगळी मे महिन्याच्या वैतागातून लिहिलेली. हॉटेल फुल असतं, गिऱ्हाईक रिसेप्शनला येऊन ओरडतं, मालक मेकॅनिकला फोनवर फोन लावतो आणि मेकॅनिक चार ठिकाणी अडकलेला असतो. मी 26 वर्षं हॉटेलांच्या इंजिनिअरिंग खात्यात काढलीत, तळघरातल्या प्लांट रूमपासून गच्चीवरच्या कूलिंग टॉवरपर्यंत, त्यामुळे हा वैताग मला पाठ आहे. सारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत.

प्रश्न: मालवणला आमचं 11 खोल्यांचं लॉज आहे, खाली खानावळ. सगळे एसी दीड टनाचे स्प्लिट, चार वर्षांपूर्वी घेतलेले. दर सीझनला पाच-सहा एसींचा गॅस संपतो, मेकॅनिक येतो, भरून जातो, पुढच्या वर्षी परत तेच. विचारलं तर म्हणतो, खाऱ्या वाऱ्यात गॅस टिकना नाय. खरंच असं असतं का? दरवर्षी हा खर्च धरूनच चालायचं?

उत्तर: नाही दादा, अजिबात धरून चालू नका. एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नाही जळून संपायला. तोच गॅस तांब्याच्या नळ्यांतून फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो, परत आत येतो, सगळं सर्किट सीलबंद. घरचा फ्रिज बघा की, पंधरा-पंधरा वर्षं त्याच्यात कुणी गॅस भरत नाही, कारण त्याचे जोड कारखान्यात ब्रेझिंग करून, म्हणजे धातू वितळवून, बंद केलेले असतात. स्प्लिटमध्ये मात्र पाइपचे जोड आपला माणूस शिडीवर उभा राहून करतो, आत दोन आणि बाहेर दोन असे चार फ्लेअर नट (फ्लेअर म्हणजे नळीचं भोंग्यासारखं पसरवलेलं टोक), आणि गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. गॅस कमी झाला म्हणजे गळाला, दुसरं कारणच नाही.

खाऱ्या वाऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. वारा गॅस नेत नाही पण नळीला भोकं पाडतो. आउटडोअरच्या कॉइलमध्ये नळ्या तांब्याच्या आणि पातळ पात्या अॅल्युमिनियमच्या, दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले, त्यावर खारट ओल बसली की अॅल्युमिनियम झिजायला लागतं. पात्या पांढऱ्या पडतात, बोट लावलं की पिठासारख्या गळतात, मग उष्णता बाहेर टाकायला जागाच उरत नाही, कॉम्प्रेसर तापतो, दाब वाढतो आणि नळ्यांवर ताण येऊन त्या गळायला लागतात.

आता गळती शोधायची कशी. आधी फक्त डोळ्यांनी बघायचं. गॅससोबत कॉम्प्रेसरचं थोडं तेल सर्किटमध्ये फिरत असतं, जिथून गॅस निसटतो तिथे तेलही झिरपतं आणि त्यावर धूळ चिकटून काळपट डाग पडतो. एका किनाऱ्यावरच्या हॉटेलात एकाच खोलीचा एसी एका सीझनमध्ये दोनदा भरला गेला होता. मी इनडोअरच्या मागच्या नटवरचं काळं इन्शुलेशन सोडवलं तर आतून ते चिकट झालेलं आणि नटच्या भोवती रुपयाच्या नाण्याएवढं तेलकट कडं. नट सोडला, फ्लेअरला केसाएवढी चीर, कुणीतरी पान्याने जीव लावून आवळलेला. पाइप दोन इंच कापला, नवीन फ्लेअर केली, टॉर्क रेंचने मापात आवळली. पुढे मी त्या हॉटेलात होतो तोपर्यंत त्या खोलीत परत गॅस भरावा लागला नाही.

डोळ्याला दिसलं नाही तर सर्किटमध्ये ड्राय नायट्रोजन भरायचा, मशीनच्या नेमप्लेटवर जो दाब दिलाय तो ओलांडायचा नाही, आणि प्रत्येक जोडावर साबणाचा दाट फेस लावून बुडबुडे बघायचे. नायट्रोजनच! काही जण वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन सिलेंडर उचलून आणतात, दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो, माणसं गेलीत याच्यात. तुमच्या आवारात कुणी असं करताना दिसला तर काम थांबवा, उगाच भीड ठेवू नका.

गळती बंद झाली की व्हॅक्यूम पंप लावून सर्किटमधली हवा ओढून घ्यायची, मायक्रॉन गेज (आत किती हवा उरली ते दाखवणारं मीटर) 500 च्या खाली जाऊन तिथे टिकलं पाहिजे. हवा आणि ओल आत राहिली तर तेलाचं आम्ल होतं आणि वर्ष-दीड वर्षात कॉम्प्रेसर बसतो, मग सगळे म्हणतात कंपनीच खराब. त्यानंतर गॅस भरायचा तो वजनकाट्यावर सिलेंडर ठेवून. किती ग्रॅम ते नेमप्लेटवर छापलेलं असतं, पाइप लांब असेल तर मीटरमागे थोडा जास्त, तेही मॅन्युअलमध्ये असतं. नुसता दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बघून अंदाजाने भरणारा माणूस असेल तर त्याला सांगा वजनकाटा घेऊन ये. आणि तुमचे एसी चार वर्षांपूर्वीचे म्हणजे बहुतेक आर 32 गॅसचे असतील, हा गॅस हळू का होईना पण पेट घेतो, तेव्हा जोड सोडताना आसपास बिडी-सिगरेट, शेगडी काही नको आणि खिडक्या उघड्या.

तुम्ही स्वतः करायचं काम म्हणजे आउटडोअर साध्या गोड्या पाण्याने दर पंधरा दिवसांनी धुवा, मेन स्विच बंद करून, पाइपचा जोर हळू, म्हणजे पात्या वाकणार नाहीत. अॅसिड किंवा बाथरूमचं क्लीनर अजिबात नको. पुढच्या वेळी एसी घ्याल तेव्हा कोटिंगवाली कॉइल मागा आणि आउटडोअर समुद्राच्या तोंडावर न लावता इमारतीच्या आडोशाला लावा, पण चारही बाजूंनी हवा खेळली पाहिजे.

अजून एक, कूलिंग कमी झालं म्हणजे गॅसच कमी झाला असं नाही. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, एसीत आत जाणाऱ्या हवेचं आणि बाहेर फेकणाऱ्या हवेचं तापमान घ्या. साधारण 8 ते 12 अंशांचा फरक येत असेल तर मशीन ठीक आहे, खोलीत ऊन येतंय किंवा दार उघडं राहतंय. फरक कमी असेल तर आधी फिल्टर, मग कॉइलची धूळ, मग पंखा, आणि हे सगळं साफ असूनही फरक येत नसेल तेव्हा कुठे गेज लावायचं. गेज लावताना-काढताना दरवेळी थोडा गॅस जातो हेही लक्षात ठेवा.

प्रश्न: इगतपुरीजवळ हायवेवर आमचं फॅमिली रेस्टॉरंट आहे. वॉक-इन फ्रीजर उणे 18 ला सेट केलाय पण काटा उणे 8, उणे 7 च्या वर जातो, आत पंख्यावर बर्फाचा डोंगर साठतो. पोरं स्क्रूड्रायव्हरने बर्फ फोडतात, दोन दिवस बरं चालतं, परत तेच.

उत्तर: पहिलं म्हणजे स्क्रूड्रायव्हर काढून घ्या त्यांच्या हातातून. एक टोचा चुकला की कॉइलला भोक, गॅस बाहेर आणि सगळं मटण-चिकन टाकून द्यायची वेळ. बर्फ काढायचा तर मशीन बंद करून पंख्याने किंवा कोमट पाणी ओतून काढा, वेळ लागू दे.

बर्फ येतो कुठून हे समजून घ्या. फ्रीजरमध्ये बर्फ म्हणजे बाहेरच्या हवेतली ओल. ती आत शिरते दारातून. संध्याकाळी गर्दीच्या वेळी आचारी एकेक पाकीट आणायला दहा वेळा दार उघडतो आणि उघडंच ठेवून पनीर मोजत बसतो, आणि इगतपुरीचा पाऊस म्हणजे तुम्हाला काय सांगू, हवा पिळली तर पाणी निघेल. दाराचं रबर तपासायला सोपी युक्ती, दहाची नोट दारात धरून दार लावा आणि नोट ओढा. अडकून आली तर रबर चांगलं, सहज सरकली तर तिथून हवा जातेय. चारही बाजूंनी, कोपऱ्यांत जास्त बघा, कोपऱ्यातच फाटतं. दाराच्या चौकटीत एक हीटरची वायर असते रबर गोठू नये म्हणून, ती जळाली की रबर चौकटीला चिकटतं, पोरं हिसका देऊन उघडतात आणि रबर फाटतं. नुसतं रबर बदललं आणि हीटर तसाच ठेवला तर नवीन रबरही वर्षभरात जातं.

दुसरं म्हणजे डीफ्रॉस्ट. दिवसातून साधारण तीन-चार वेळा मशीन थांबून कॉइलमधला हीटर वीस-तीस मिनिटं चालू होतो, बर्फ वितळतो, पाणी ड्रेनमधून बाहेर जातं. तुमच्याकडे ही साखळी कुठेतरी तुटलीय. डीफ्रॉस्टच्या वेळी हीटरच्या वायरवर टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखं धरून करंट मोजायचं मीटर) लावायला सांगा, करंट शून्य दाखवला तर हीटर जळालाय किंवा टायमर अडकलाय. करंट येतोय पण पाणी बाहेर येत नाही, तर ड्रेन पाइप गोठलाय, त्याच्यातही एक हीटर वायर असते. मी बघितलेल्या दहा केसमध्ये सात-आठ वेळा ड्रेनच निघाला आहे, आणि लोक मात्र कॉम्प्रेसर बदलायच्या गप्पा मारत असतात.

तिसरं, गरम माल. रात्री उरलेली ग्रेव्ही वाफाळती पातेल्यासकट फ्रीजरमध्ये ठेवतात, हे मी स्वतः कितीतरी किचनमध्ये बघितलंय. ग्रेव्ही पसरट ट्रेमध्ये ओता, खाली बर्फाचं पाणी, लवकर थंड करा, मग झाकून आत. अन्न 5 आणि 60 अंशांच्या मध्ये जितका वेळ राहील तितके जंतू वाढतात, म्हणजे रात्रभर ओट्यावर ठेवणंही चूक आणि गरम आत ढकलणंही चूक. आतली खोकी भिंतीपासून आणि कॉइलपासून चार बोटं लांब ठेवा, पंख्याच्या तोंडासमोर थर लावला की मागची खोकी कधीच गोठत नाहीत. दाराला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा असेल तर तो बांधून वर ठेवू नका, सगळे बांधून ठेवतात.

आणि उणे 8 ला गेलेला माल नुसता परत गोठवून वापरू नका. हात लावून बघा, मऊ झाला असेल तर तो त्याच दिवशी शिजवायचा, वास-रंग बदललाय तर टाकायचा. पैसे जातात, जीव जळतो, मला माहीत आहे, तरी टाकायचा.

प्रश्न: एसी चालू केला की आउटडोअर नुसता घूंऽऽ करतो, पंखा फिरतो, थोड्या वेळाने टक्‌ करून बंद. मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर गेला, खर्च मोठा आहे. (सांगली, लॉज)

उत्तर: कॉम्प्रेसर बदलायच्या आधी कॅपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला उठायला जोर देणारा भाग, बघा. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत कॅपॅसिटर कमजोर झाला की कॉम्प्रेसर उठत नाही, घुमतो, ओव्हरलोड स्विच तापून वीज तोडतो. त्याची क्षमता त्याच्यावर मायक्रोफॅरडमध्ये छापलेली असते, मीटर लावून मोजा, छापलेल्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांहून जास्त कमी दाखवला तर बदला. काही शेकड्यांचं काम. मात्र लाइट बंद केल्यावरही त्याच्यात करंट साठलेला असतो, तो उतरवल्याशिवाय हात लावायचा नाही, हे काम इलेक्ट्रिशियनलाच करू द्या. सोबत व्होल्टेज घ्या, उन्हाळ्यात संध्याकाळी 180-190 येत असेल तर चांगला कॉम्प्रेसरही असाच घुमेल. कॅपॅसिटर नवीन, व्होल्टेज 230 च्या आसपास, तरी उठत नाही, मग वाइंडिंगचा रेझिस्टन्स आणि बॉडीला शॉर्ट मोजायचा. हे आकडे कागदावर लिहून मागा.

प्रश्न: महाबळेश्वरला माझ्याकडे 24 खोल्यांच्या हॉटेलचं हाऊसकीपिंग आहे. पावसाळ्यात खोल्यांना कुबट वास येतो, गाद्या ओलसर लागतात, एसी 18 ला लावला तरी फरक नाही. मालक म्हणतात अजून मोठा एसी बसवू. आणि थंडीत गेस्ट हीटर मागतात, जुने कर्मचारी कोळशाची शेगडी द्यायचे, ते चालेल का?

उत्तर: ताई, शेगडीचं आधी. नाही, कधीच नाही, कितीही थंडी असो आणि गेस्टने कितीही आग्रह केला तरी. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला कळत नाही आणि सकाळी दार तोडावं लागतं. बाथरूममधल्या गॅस गिझरचंही हेच. छोटी बाथरूम, खिडकी बंद, आत सिलेंडरवरचा गिझर, आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर येत नाही, अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. तुमच्याकडे एकाही बाथरूममध्ये गॅस गिझर आतल्या बाजूला असेल तर हे पत्र मालकांना दाखवा आणि ती खोली आजपासून विकू नका, गिझर बाहेर मोकळ्या हवेत जाईपर्यंत. थंडीसाठी तेलाचे ऑइल रेडिएटर हीटर द्या, त्यांना वेगळी लाइन आणि नीट अर्थिंग करून, एक्स्टेन्शन बोर्डवर नको. गरम-थंड दोन्ही करणारे एसी मिळतात, महाबळेश्वरच्या थंडीला ते पुरतात.

आता वास. मोठा एसी बसवला तर वास वाढेल, कमी होणार नाही. एसी दोन कामं करतो, हवा थंड करतो आणि हवेतली ओल पाणी करून काढतो. ओल काढायला त्याला सलग चालावं लागतं. पावसाळ्यात तुमच्याकडे बाहेरच 19-20 अंश असतात, खोली लगेच थंड होते, कॉम्प्रेसर बंद पडतो, पण पंखा फिरत राहतो आणि कॉइलवर साठलेलं पाणी परत वाफ होऊन खोलीत. एसी जितका मोठा तितका लवकर थांबतो. म्हणून रिमोटवर ड्राय मोड लावा, पंखा कमी, आणि शक्य असेल तर मजल्यावर एक-दोन वेगळे डीह्युमिडिफायर ठेवा, रोज बादलीभर पाणी निघेल, तुम्ही स्वतः बघाल. चेकआउट झालेल्या खोलीत ओल्या पोछाने फरशी पुसून लगेच खिडक्या बंद करू नका. एसीचा ड्रेन ट्रे काढून बघा, त्यात गुळगुळीत शेवाळ्यासारखा थर असेल तर वासाचं मूळ तेच.

तुमच्याकडे डक्टवाली मोठी मशीन असेल तर ड्रेन पाइपला यू आकाराचा ट्रॅप आहे का बघायला सांगा. पंखा आतली हवा ओढतो, ट्रॅप नसेल किंवा सुकला असेल तर ड्रेनमधून गटाराची हवा उलटी आत येते आणि पाणी ट्रेमध्येच तुंबतं. चारशे रुपयांचा पाइप, आणि त्याच्यापायी लोक रूम फ्रेशनरवर हजारो रुपये घालवतात.

प्रश्न: शिर्डीत लॉज आहे, 40 खोल्या. भाविक पहाटे काकड आरतीला निघतात, साडेतीनला सगळ्यांना एकदम गरम पाणी लागतं. गच्चीवर सोलर आहे, खाली मोठा इलेक्ट्रिक गिझर. बोअरचं पाणी जड आहे, दर चार-सहा महिन्यांनी एलिमेंट जळतो. बिल कमी करायला टाकीचं तापमान 45 वर ठेवलंय, बरोबर आहे ना?

उत्तर: काका, 45 बरोबर नाही आणि हे मी बिलापेक्षा माणसांच्या काळजीने सांगतोय. 1976 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या हॉटेलात माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजन या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं, तिथून घरी गेलेले लोक न्युमोनियासारख्या तापाने आजारी पडले, कित्येक दगावले. काही महिन्यांनी जंतू सापडला, त्याला त्यावरूनच लिजिओनेला नाव पडलं. हा जंतू पाण्यात राहतो, साधारण 20 ते 45 अंशांत मजेत वाढतो आणि शॉवरच्या किंवा कूलिंग टॉवरच्या बारीक तुषारांतून छातीत जातो. पिऊन नाही, श्वासातून. तुमच्याकडे येणारे बरेच भाविक म्हातारे असतात, त्यांनाच याचा धोका जास्त. म्हणजे 45 वर तुम्ही त्याला आयतं घर बांधून दिलंय. टाकी 60 वर ठेवा आणि बाथरूमकडे जाताना मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून पाणी 45 च्या आत आणा, नाहीतर लहान मूल भाजेल. जी खोली आठवडाभर रिकामी असेल तिचे दोन्ही नळ आणि शॉवर चार-पाच मिनिटं सोडून द्या. सोलरची टाकी ढगाळ दिवसांत कोमटच राहते, तेव्हा तिचं पाणी थेट न देता इलेक्ट्रिक टाकीतून 60 ला नेऊनच द्या.

एलिमेंटचं कारण क्षार. जड पाणी तापलं की त्यातला चुना एलिमेंटवर बसतो, पांढरी खपली चढल्यासारखा, मग आतली उष्णता पाण्यात जात नाही, एलिमेंट स्वतःच तापून फुटतो. बिलही त्यामुळेच वाढतं. थर्मोस्टॅट कमी करून तुम्ही वाचवलं त्याच्यापेक्षा जास्त त्या खपलीने खाल्लं असेल. गिझरच्या आधी सॉफ्टनर (जड पाण्यातला चुना काढणारं यंत्र) बसवा, त्याला ठरल्या वेळी मिठाचं पाणी देऊन रिजनरेट, म्हणजे परत ताजा, करत जा, लोक सॉफ्टनर बसवतात आणि मीठ टाकायला विसरतात. टाकी वर्षातून दोनदा उघडून तळाचा गाळ काढा आणि आत जो मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड लटकतो तो बघा. तो स्वतः झिजून टाकीचा पत्रा वाचवतो, बोटाएवढा बारीक झाला की बदला. हा रॉड असतो हेच कितीतरी मालकांना माहीत नसतं आणि टाकी गळाली की नशिबाला दोष.

बिलच कमी करायचं असेल तर हीट पंपाचा विचार करा. तो एसीसारखाच, फक्त उलटा, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो, आपल्या हवामानात एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. पण तो हळू तापवतो, साडेतीनच्या गर्दीसाठी टाकी मोठी हवी आणि तो रात्री दहापासून चालू पाहिजे. चाळीस खोल्या, खोलीत तीन माणसं, माणशी पंचवीस लिटर गरम पाणी धरलं तर 3000 लिटर होतात, त्या हिशोबानेच कोटेशन मागवा.

प्रश्न: नागपूरला हॉटेलात टेक्निशियन आहे. वॉटर कूल्ड स्क्रू चिलर (सगळ्या हॉटेलच्या एसीसाठी पाणी थंड करणारी मोठी मशीन) मे महिन्यात दुपारी हाय प्रेशरवर ट्रिप होतो. सिनियर म्हणतात 46 डिग्रीत होणारच.

उत्तर: मित्रा, एअर कूल्ड असता तर मी मान्य केलं असतं. वॉटर कूल्डचं गणित वेगळं आहे, त्याची उष्णता पाण्यातून कूलिंग टॉवरला जाते आणि तिथून हवेत. कूलिंग टॉवरला हवेचं साधं तापमान कळत नाही, त्याला वेट बल्ब कळतो, म्हणजे थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून दिसणारा आकडा. तुमच्याकडे मे महिन्यात 45 अंश असताना हवा कोरडी ठाक असते, आर्द्रता 15 टक्के धरली तर वेट बल्ब फक्त 24 च्या आसपास येतो. चांगला टॉवर वेट बल्बच्या तीन-चार अंश वर पाणी देतो, म्हणजे 28. उलट जुलैमध्ये पाऊस लागला की वेट बल्ब 26 च्या पुढे जातो. मे महिना तर टॉवरसाठी चांगला! तरीही ट्रिप होतोय म्हणजे टॉवर किंवा कंडेन्सर (गॅसची उष्णता टॉवरच्या पाण्याला देणारा भाग) आजारी आहे.

दुपारी टॉवरमधून निघणारं पाणी मोज. 28-29 च्या जागी 33-34 असेल तर टॉवरवर चढ. फिलमध्ये (पाणी पसरवणाऱ्या जाळीत) क्षार आणि धूळ बसलीय का, नोझल बुजून पाणी एकाच बाजूला पडतंय का, पंख्याचा बेल्ट सैल आहे का. नागपूरच्या हवेत पाणी उडतंही भरपूर, मेक-अप, म्हणजे भरपाईचं पाणी, कमी पडला तर उरलेल्या पाण्यात क्षार वाढत जातात, म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) रोज घे आणि ब्लो-डाउन कर, म्हणजे थोडं क्षारांचं पाणी सोडून दे. पाण्याची बचत म्हणून ब्लो-डाउन बंद ठेवतात आणि तेच क्षार मग कंडेन्सरच्या ट्यूबमध्ये जाऊन बसतात.

टॉवरचं पाणी बरोबर असेल तर कंडेन्सरचा अप्रोच बघ, गॅसचं कंडेन्सिंग तापमान वजा बाहेर पडणारं पाणी. साफ ट्यूबमध्ये दीड-दोन अंश असतो, पाच-सहा दिसला तर ट्यूब ब्रशिंग नाहीतर डीस्केलिंग. हा आकडा रोज त्याच वेळी वहीत लिहीत जा, तीन महिन्यांची पानं सिनियरसमोर ठेवशील तेव्हा ते नाही म्हणू शकणार नाहीत. आणि टॉवरच्या पाण्यात बायोसाइड (जंतू मारायचं औषध) चालू आहे ना तेही बघ, शिर्डीच्या काकांना वर सांगितलेला जंतू टॉवरमध्येही असतो.

प्रश्न: लातूरहून आयटीआय केलंय, पुण्यात काम करतो. जुन्या आर 22 गॅसच्या मशीनमध्ये 410ए गॅस भरला तर चालतो का? गिऱ्हाईक मागे लागतात.

उत्तर: नाही रे. 410ए चा दाब आर 22 च्या दीडपटीहून जास्त, जुनी कॉइल आणि कॉम्प्रेसर त्यासाठी बनलेलेच नाहीत, शिवाय तेलही वेगळं लागतं. आर 22 ओझोनचा थर खातो म्हणून 1987 च्या माँट्रियल करारानुसार तो बंद होत चाललाय, भारतात 2030 पर्यंत जवळपास पूर्ण जाईल, म्हणून जुन्या मशीनची गळती बंद करून आहे तोच गॅस जप. काम करताना गॅस हवेत सोडू नकोस, रिकव्हरी मशीनने सिलेंडरमध्ये काढून घे. 1 किलो 410ए हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशोबाने सुमारे 2000 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता तो पृथ्वीवर अडकवतो. पहिल्या पगारातून काय घेऊ असंही तू विचारलंयस, तर आधी चांगला टाँग टेस्टर आणि दोन प्रोबचा थर्मामीटर घे, गेज नंतर.

प्रश्न: कळंगुटला छोटं रेस्टॉरंट आहे. आइस मशीनचे क्यूब पांढुरके आणि मध्ये पोकळ येतात, थोडा वासही आहे.

उत्तर: पोकळ क्यूब म्हणजे पाणी कमी येतंय. इनलेटचा फिल्टर बदला, पाण्याचा दाब बघा. पांढुरकेपणा क्षारांचा, वास मात्र आत धरलेल्या बुरशीचा. मशीन बंद करा, बिनमधला (बर्फ साठतो त्या खणातला) सगळा बर्फ टाकून द्या, मग डीस्केलर, म्हणजे क्षार काढायचं औषध, फिरवा. आतली प्लेट निकेलची असेल तर निकेलला चालणारंच औषध घ्या, साधं अॅसिड तिचा मुलामा काढतं आणि मग बर्फ सुटतच नाही. त्यानंतर सॅनिटायझर, बिनच्या दाराचा रबर आणि वरचा कोपरा टूथब्रशने घासा, काळं तिथेच लपलेलं असतं. बर्फ काढायचा स्कूप बिनमध्ये टाकून ठेवू नका, बाहेर वेगळ्या डब्यात ठेवा आणि ग्लासने बर्फ काढणं आजच बंद करा, काच फुटून बर्फात मिसळली तर दिसत नाही. साफ झाल्यावर पहिले दोन-तीन लॉट फेकून द्या आणि चौथ्या लॉटचा एक क्यूब पेल्यात वितळवून वास घ्या, मगच गिऱ्हाइकाला द्या.